मागचा धक्का आणि रस्त्यावरची तडजोड



उन्हाळ कांदा निघाला की आपल्या मालेगाव तालुक्यातले रस्ते ट्रॅक्टरांनी भरून जातात. पहाटे ट्रॉली भरून निघायचे, उजाडायच्या आत मुंगशाला नाहीतर उमराण्याला जाऊन रांगेत नंबर लावायचा, आणि हे सारे मुंबई-आग्रा रस्त्यावरून, मागे धावणाऱ्या ट्रका-मोटारींच्या सोबतीने. या दिवसांत जो अपघात सर्वांत जास्त वेळा होतो, तो वर्तमानपत्रात येत नाही. कोणी मरत नाही, गाडी उलटत नाही. पुढची गाडी थांबते, मागची येऊन तिच्यावर आदळते. दिवा फुटतो, फाळका वाकतो, दोन-चार पाट्या कांदा रस्त्यावर सांडतो. माणसे जमतात, आवाज चढतात, कोणी वडीलधारा मध्ये पडतो. मग पाचशे-हजार रुपये हातावर ठेवले जातात आणि "जाऊ द्या नाना, मिटलं" म्हणत जो तो आपल्या वाटेला लागतो.

तुम्ही म्हणाल, शेतकी खात्याचा माणूस कीड-खत सोडून आज रस्त्यावर कुठे आला? त्याचे कारण असे की अपघाताची कागदपत्रे घेऊन माणसे आमच्याकडेच येतात. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना २०२३ पासून कृषी खात्यामार्फत चालते. तिचा अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या आत द्यावा लागतो. मृत्यू झाला किंवा दोन्ही डोळे वा दोन अवयव गेले तर २ लाख रुपये, एक डोळा किंवा एक अवयव गेला तर १ लाख रुपये मिळतात. योजना चांगली आहे, घराला आधार देणारी आहे. पण मान आखडली, पाठीत कळ भरली, आठ दिवस कामाला हात लावता आला नाही, अशा दुखण्याला या योजनेत एक पैसाही नाही. ते दुखणे मागायचे तर मोटार कायद्याने मागावे लागते, आणि तिथे आपली माणसे दोनपैकी एका टोकाला जातात. एकतर रस्त्यावरच पाचशे रुपयांत सोडून देतात, नाहीतर कोणा मध्यस्थाच्या नादी लागून गळ्यात पट्टा अडकवून कोर्टात बसतात.

आधी दुखण्याचे पाहू, कारण हिशेबाची सारी गोम तिथेच आहे.

मागून धक्का बसतो तेव्हा बसायची जागा अंगाला पुढे ढकलते, पण डोके जागच्या जागी राहू पाहते. बाजरीच्या बारीक ताटावर जड कणीस असते आणि वाऱ्याचा झोत आला की ताट आधी हलते, कणीस मागाहून झोका खाते, तसेच मानेचे होते. माणसाचे डोके चार-पाच किलोचे असते. ते आधी मागे जाते, मग पुढे येते, आणि मानेचे स्नायू व शिरा ताणल्या जातात. मोटारीत निदान डोक्यामागे उशी असते. ट्रॅक्टरच्या बसण्याला पाठच आखूड, तिथे डोक्याला टेका कुठला? आणि या दुखापतीचा स्वभाव असा, की त्या क्षणी ती जाणवत नाही. माणूस तावातावाने भांडतो, कांदे वेचतो, बाजार करून घरी येतो. रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी मान वळत नाही, डोके ठणकते, खांदा भरून येतो. एक्स-रे काढला तर त्यात बहुधा काहीच दिसत नाही, कारण हाड मोडलेले नसते.

बहुतेकांचे हे दुखणे काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत जाते. डॉक्टर आता सांगतात की गळ्याचा पट्टा महिनोन्‌महिने बांधून पडून राहू नका. दुखणे सोसवेल तेवढी मान हलती ठेवा, हलके काम सुरू करा. मात्र हाताला मुंग्या येऊ लागल्या, पकड सैल झाली, पाय लटपटू लागले, लघवीवर ताबा राहिला नाही किंवा मानेच्या मणक्यावर बोट टेकवताच जीव जाऊ लागला, तर घरी शेकत-चोळत बसू नये. घरातल्या भगिनींना विशेष सांगतो, अशा वेळी मालीश करणाऱ्याला बोलावू नका. मान हलू न देता सरळ दवाखाना गाठा. म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत तर धक्का किरकोळ दिसला तरी दाखवून घ्यावेच.

आता लक्षात येईल की रस्त्यावर उभ्या उभ्या केलेली तडजोड का फसते. शरीराचा हिशेब दुसऱ्या दिवशी कळतो आणि आपण तो पहिल्याच तासात पुरा करून टाकतो. त्यात कोणी हुशार असला तर कागदावर "मला काही लागले नाही, माझी काही तक्रार नाही" असे लिहून सही किंवा अंगठा घेतो. हा कागद पुढे तुमच्याच पुढ्यात येतो. म्हणून रस्त्यावर भांडू नका, गाडी अडवून ठेवू नका, पण सहीही करू नका. समोरच्या गाडीचा नंबर, चालकाचा परवाना, विम्याचा कागद यांचा मोबाइलवर फोटो घ्या. दोन्ही गाड्या हलवण्यापूर्वी त्या जशा उभ्या आहेत तसा एक फोटो घ्या. पाहणाऱ्या दोघांची नावे लिहून घ्या. दिवाभर दुखो न दुखो, धक्का जोरात असेल तर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात दाखवा आणि केसपेपरवर "वाहन अपघात" असे लिहून घ्या. चौथ्या दिवशी गेलात तर ती कळ कांद्याची गोणी उचलताना आली नसेल कशावरून, असे विचारले जाईल, आणि विचारणाऱ्याचेही तसे चुकत नाही.

इजा झाली असेल तर पोलिसांत खबर द्यायचीच. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे पोलिसांनी ४८ तासांत पहिला अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. न्यायाधिकरण हे नाव भारदस्त असले तरी ती निराळी इमारत नव्हे. जिल्हा न्यायालयाचे न्यायाधीशच ते काम पाहतात, आणि मालेगावातही ते चालते. अपघात इंदूरकडे झाला असला तरी राहत्या ठिकाणच्या न्यायाधिकरणात दावा लावता येतो, ही सोय कायद्याने केलेली आहे. दाव्याला त्याच १ एप्रिल २०२२ पासून ६ महिन्यांची मुदत आहे. या मुदतीविरुद्धचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेलेला आहे, पण त्याच्या भरवशावर पेरणी उशिरा करू नये.

दाव्यात काय मागता येते? औषधपाण्याचा खर्च, जाण्यायेण्याचे भाडे, सोबत राहिलेल्या माणसाची बुडालेली मजुरी, आपले बुडालेले काम, सोसलेला त्रास, शिवाय ट्रॉलीचे आणि मालाचे नुकसान. शेतकऱ्याचे अडते ते बुडालेल्या कामापाशी. नोकरदाराला पगाराचा दाखला मिळतो, आपल्याला कोण देणार? सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली हरियाणातल्या जसबीर कौर यांच्या प्रकरणात असे म्हटले, की कर्ता गेला तरी जमीन कुटुंबाकडे राहतेच; नुकसान होते ते त्याच्या देखरेखीचे, ते काम करायला माणूस लावावा लागतो त्याचे. ते प्रकरण मृत्यूचे होते, पण विचाराची रीत दुखापतीलाही लागू पडते. नुसता सातबारा पुढे करून भागत नाही. त्या पंधरा दिवसांत पाणी भरायला कोणाला लावले, त्याला रोज किती दिला, धारा कोणी काढल्या, हे तारखेसह वहीत लिहा आणि मजुराची सही घ्या. बाजार समितीच्या हिशेबपट्ट्या, डेअरीच्या पावत्या, बँकेचे पासबुक जवळ ठेवा. आपल्याकडे बी-बियाण्याची पावतीसुद्धा चुलीत जाते, मग औषधाची कुठून राहणार! घरात कापडी पिशवी खुंटीला टांगा आणि अपघाताचा प्रत्येक कागद तिच्यात टाका.

अपंगत्वाच्या टक्क्यांबद्दलही मोठा गैरसमज आहे. दाखल्यावर जितके टक्के, तितके पैसे असे नसते. २०१० साली राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे उलगडून सांगितले. डावा हात गेला तर सुताराची किंवा चालकाची कमाई जवळजवळ पूर्ण बुडते. सरकारी कारकुनाची नोकरी कदाचित टिकते. तेव्हा शरीर किती गेले यापेक्षा त्यामुळे कमाई किती गेली, हे पाहायचे. मान आठ दिवस आखडली आणि मग बरी झाली, तर त्यात कायमचे अपंगत्व कुठले? अशा दाव्यात खर्च, बुडालेले दिवस आणि थोडी त्रासाची भरपाई मिळते, आणि तेवढीच मिळणे रास्त आहे.

इथेच तो मध्यस्थ भेटतो. तो दवाखान्याच्या दारात भेटतो, चहाच्या टपरीवर भेटतो. "दाखला मी आणतो, वकील माझा, आलेल्यात निम्मे-निम्मे," असे त्याचे बोलणे असते. मिळेल त्यातल्या हिश्शावर दावा चालवायला वकिलांना बार कौन्सिलच्या नियमाने मनाई आहे, हे आधी ध्यानात घ्या. आणि खोट्या दाव्याचे पुढे काय होते, हे उत्तर प्रदेशात दिसले. तिथे अपघाताचे बनावट दावे इतके निघाले की अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये विशेष तपास पथक नेमायला लावले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०२१ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने २८ वकिलांना निलंबित केले. दाव्यावर सही मात्र अर्जदाराची असते, मध्यस्थाची नव्हे.

मानेच्या दुखण्यावरून कज्जे करण्यात आपणच पुढे आहोत असे मात्र समजू नका. विलायतेत हा तर मोठा धंदाच झाला होता. शेवटी इंग्लंड-वेल्समध्ये ३१ मे २०२१ पासून कायद्याने दरपत्रकच लावले. ३ महिन्यांत बऱ्या होणाऱ्या मानेला २४० पौंड, अधिक काळ दुखली तर चढत्या दराने. २०२५ मध्ये हे दर थोडे वाढवले गेले. याच्या अगदी उलट गोष्ट लिथुआनिया नावाच्या छोट्या देशातली. तिथे विम्याचा आणि दाव्यांचा प्रघात नव्हता, तेव्हा मागून धक्का बसलेल्या २०२ मोटारचालकांची डॉक्टरांनी एक ते तीन वर्षांनी चौकशी केली. १९९६ साली छापलेल्या त्या पाहणीत त्यांच्यातल्या ३५ टक्क्यांना मान दुखत असल्याचे निघाले, आणि अपघात न झालेल्या माणसांत ३३ टक्क्यांना. म्हणजे फरक नाहीच म्हणाना. त्याच देशात १९९९ सालच्या दुसऱ्या पाहणीत दिसले की धक्क्यानंतर सुरुवातीला जवळजवळ निम्म्यांना दुखले होते, पण ते थोड्याच दिवसांत थांबले. मला यातून एवढेच दिसते, की दुखणे खोटे नसते, पण दाव्यासाठी ते जपून ठेवले तर ते अंगात घर करते. दोन वर्षे तारखेला लंगडत जाणाऱ्याला बरे व्हायची सवडच राहत नाही.

दोष कोणाचा, हा पुढचा प्रश्न. "मागचा तो चुकला" हा चौकातला न्याय पुष्कळदा बरोबर असतो. २०१८ साली निशान सिंग यांच्या प्रकरणात पुढे चाललेल्या ट्रकने ब्रेक लावला आणि मागची मारुती त्यावर आदळली. दोन गाड्यांत अंतर अवघे १० ते १५ फूट होते. सर्वोच्च न्यायालयाने दोष मोटारीच्या चालकाचा ठरवला आणि पुढच्या गाडीपासून निदान दोन-तीन सेकंदांचे अंतर ठेवावे, असे सांगितले. हे मोजायचे सोपे आहे. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की मनात एकवीस, बावीस, तेवीस म्हणा. त्याआधी तुम्ही खांबापाशी पोहोचलात तर जवळ आहात. ताशी ६० किलोमीटरला तीन सेकंदांत गाडी ५० मीटर जाते.

पण नेहमीच मागचा चुकतो असे नाही. २०१७ साली कोइमतूरकडे महामार्गावर एका मोटारीने एकाएकी ब्रेक लावला, मागचा मोटारसायकलवाला विद्यार्थी तिच्यावर आदळून पडला आणि मागून आलेली बस त्याच्या पायावरून गेली. पत्नीला मळमळत होते म्हणून थांबलो, असे मोटारवाल्याचे म्हणणे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इशारा न देता महामार्गावर थांबणाऱ्या मोटारवाल्याला ५० टक्के, बसला ३० टक्के आणि अंतर न राखणाऱ्या विद्यार्थ्याला २० टक्के दोषी धरले. पाय गमावलेल्या त्या पोराच्या भरपाईतून त्याचे २० टक्के वजा झाले. आता आपली ट्रॉली डोळ्यांपुढे आणा. मागे दिवा नाही, लाल परावर्तक चिखलाने माखलेला किंवा मुळीच नाही, पंक्चर झाली म्हणून रात्री रस्त्यावरच उभी, मागे दोन दगड लावलेले. कोणी येऊन धडकला तर "मागचा चुकला" म्हणून सुटता येणार नाही. आपल्या वाट्याचा दोष आपल्या पदरात पडेलच. आणि ते दगड! गाडी निघून जाते आणि दगड तिथेच राहतात, मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्यासाठी. याला काय म्हणावे?

बाजू उलटी असेल, म्हणजे धक्का आपल्याच गाडीने दिला असेल, तर काय? हल्ली घरोघरी पिकअप आहे, पोरगा चालवतो, विमा कधी संपला हे कोणाला ठाऊक नसते. विमा चालू असला तर भरपाई कंपनी देते. नसला तर गाडीच्या मालकाने द्यायची. ती दिली नाही तर मोटार कायद्याच्या कलम १७४ प्रमाणे न्यायाधिकरण कलेक्टरकडे दाखला पाठवते आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. ही वसुली जमिनीपर्यंत येऊ शकते, हे मोठ्या अक्षरांत लिहून गोठ्यात लावा. हजार-दोन हजारांचा हप्ता चुकवून वडिलोपार्जित जमीन गुंतवणे यासारखा तोट्याचा व्यवहार दुसरा नाही. विनाविमा गाडी चालवण्याचा दंड पहिल्या वेळी २,००० रुपये आहे, पण खरी भीती दंडाची नाहीच.

परवान्याची एक दिलाशाची गोष्ट आहे. हलक्या वाहनाचा परवाना असलेल्याने पिकअप चालवली म्हणून विमा कंपन्या हात वर करीत. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ठरवले, की ७,५०० किलोपर्यंतचे मालवाहू वाहन त्या परवान्यावर चालवता येते. पण परवाना हवाच. सोळा वर्षांच्या पोराच्या हाती स्टिअरिंग दिले तर हा निकाल उपयोगी पडणार नाही.

ट्रॉलीत माणसे बसवण्याबद्दल काय सांगावे! कांदा भरला की वर चार माणसे चढतातच. सर्वोच्च न्यायालयापुढे २००४ साली चिन्नम्मा यांचे प्रकरण आले होते. भाजी विकणारा माणूस आपला माल घेऊन ट्रॅक्टर-ट्रॉलीतून बाजाराला निघाला आणि अपघातात गेला. शेतीसाठी विमा उतरलेला ट्रॅक्टर म्हणजे मालवाहू गाडी नव्हे, म्हणून विमा कंपनीवर जबाबदारी येत नाही, असा निकाल लागला. कांद्यावर बसवलेल्या मजूर बायांपैकी कोणाला मागच्या धक्क्याने काही झाले तर ती भरपाई ट्रॅक्टरच्या मालकावर यायची शक्यता मोठी. मजुरांना बसने किंवा रिक्षाने पाठवायचे भाडे त्यापुढे काहीच नाही. ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते आणि विम्याच्या कागदावर तिचा उल्लेख आहे की नाही, हे या आठवड्यात काढून पाहा.

मोठी इजा झाली तर आणखी दोन वाटा आहेत. हाड मोडले, दात तुटला किंवा तीव्र वेदनेने १५ दिवस नेहमीचे काम करता आले नाही, तर कायदा त्याला गंभीर दुखापत म्हणतो. अशा वेळी दोष कोणाचा हे सिद्ध न करता कलम १६४ खाली अडीच लाख रुपये मागता येतात. गाडी धडकून पळून गेली आणि तिचा पत्ताच लागला नाही, तर सरकारच्या योजनेतून गंभीर दुखापतीला ५०,००० आणि मृत्यूला २ लाख रुपये मिळतात. शिवाय मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला नेमलेल्या दवाखान्यात ७ दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख पैसे न भरता मिळावेत अशी योजना केंद्राने लागू केली आहे.

किरकोळ दाव्याला मला विचाराल तर लोकअदालत बरी. कागद नीट असतील तर विमा कंपनीचे वकीलही तिथे तडजोडीला बसतात, खर्च वाचतो, आणि तिथला निवाडा शेवटचा असतो, त्यावर अपील नाही. ज्यांना वकील परवडत नाही त्यांनी कोर्टाच्या आवारात तालुका विधी सेवा समितीकडे जावे; स्त्रियांना तिथे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. तडजोडीला माझा विरोध नाही. रस्त्यावर पहिल्या तासाला करण्यापेक्षा दुखणे कळल्यावर, खर्च लिहून, दोन्ही बाजूंच्या सह्यांनी करा, एवढेच म्हणणे. मागचाही बहुधा आपल्यासारखाच कोणी शेतकऱ्याचा पोर असतो.

ट्रॉलीच्या फाळक्याला चिकटवायची लाल चकचकीत पट्टी, जिला आपण रेडियम म्हणतो, ती मालेगावात मोटारींच्या सामानाच्या कुठल्याही दुकानात मिळते. फाळका आधी कोरड्या फडक्याने पुसून, गंज खरवडून मग चिकटवा, म्हणजे पावसाळ्यात निघत नाही. दोन्ही टोकांना एकेक आणि मधोमध एक लावा. जुनी पट्टी उन्हाने फिकट झाली असेल तर तीही बदला, आणि कांद्यावरची ताडपत्री तिच्यावर लोंबणार नाही अशी बांधा.